शांततेत घातलेला हात

नागपूर, २८ डिसेंबर १९७९

रविंद्र,

आणि एकटा रविंद्रच नव्हे, खांब ठोकता ठोकता ज्यांचे कान गेले त्या सगळ्यांनो! एकट्या माणसाशी बोलायची माझी सवय मोडली आहे, म्हणून सुरुवात अशी झाली. तर आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्याला कमी ऐकू येतं हे मालकाला मान्य असतं. ते त्याच्या कामामुळे, हे मान्य नसतं. बाबांना म्हणाले, वय झालं. मला म्हणाले, भाषणं करून गेले असतील. तुला ज्या दिवशी कमी ऐकू येऊ लागेल त्या दिवशी तुझीही एखादी सवय शोधून काढतील. आपल्याला काही झालं की ते आपल्याच सवयीने होतं. सध्या धोंडबाकाकांच्या बोटांबद्दल तेच चाललं आहे.

तू कोराडीला राहायला गेलास त्याला दोन महिने होत आले. बस तासाभरात पोचते. तरी पाकिटाला तिकीट चिकटवून लिहितो आहे, कारण समोर आलो तर दोघा भावांपैकी एक जण उठून जाईल.

काका मेडिकल हॉस्पिटलमधून घरी आले आहेत. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तिन्ही बोटं गेली. जखम भरली आहे. थंडीत ठणका लागतो म्हणतात, पण तो नसलेल्या बोटांना लागतो, आणि त्याचं त्यांना फार नवल वाटतं.

भरपाईचा दावा लावला आहे. तारीख ११ फेब्रुवारी, सोमवार. कंपनीचं म्हणणं परवा आलं. अपघात झाला हे ते नाकारत नाहीत. ते म्हणतात, झेंडेवाल्याने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय शिडीवर कोणी चढायचं नाही असा स्पष्ट हुकूम सगळ्यांना दिला होता, आणि धोंडबाने तो जाणूनबुजून मोडला. कायदा मी स्वतः वाचला आहे. माणूस बेसावध असला तरी भरपाई मिळते. हुकूम जाणूनबुजून मोडला असेल तर मिळत नाही. त्यातही एक गंमत आहे: हा मुद्दा फक्त जिवंत राहिलेल्याविरुद्ध काढता येतो. काका मेले असते तर कंपनीला तो उचलताच आला नसता.

म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर उभा आहे. हुकूम दिला होता का? कंपनीच्या चौकशीत तू म्हणालास, दिला होता.

वकिलाला जे समजावून सांगितलं ते तुलाही लिहितो. तू दोरावर फार दिवस नव्हतास, पण विसरलाही नसशील. दोराच्या कामात, म्हणजे टोळीने दोर ओढून घण उचलायचा तेव्हा, घण वर जायचा तो माझ्या हाळीवर आणि पडायचा तोही माझ्याच हाळीवर. मी गप्प झालो की दोर खुंटाला बांधलेला असायचा आणि घण वर अडकवलेला. त्या वेळी धोंडबाकाका शिडी चढून खांबाच्या डोक्यावरचं बारदान आणि फळ्या सारख्या करायचे. बारदान सरकलं तर खांबाचं डोकं फुटतं, आणि फुटलेल्या डोक्याचा खांब साहेब नापास करतो, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. माझ्या आधी बाबा हाळी द्यायचे, तेव्हाही हेच. आपल्या टोळीत ‘चढा’ असं कोणी म्हणत नसे. आवाज थांबला की चढायचं. आवाज म्हणजे घण, आणि आवाज नाही म्हणजे हात घालायला हरकत नाही. सगळं आयुष्य त्यांनी असं काढलं, आणि एक नख फुटलं नाही.

खांब ठोकायच्या नव्या डिझेल हातोड्याचं नेमकं उलटं आहे, हे मला त्या दिवसानंतर कळलं. कळमन्याच्या कामावर, त्या काळ्या मातीत, खांब सुरुवातीला चिखलात काठी रुतावी तसा जातो. खालून पुरेसा अटकाव मिळाला नाही की डिझेल पेटत नाही आणि हातोडा गप्प होतो. मग मशीन चालवणाऱ्याला, म्हणजे तुला, विंचने तो पुन्हा उचलून सोडावा लागतो. म्हणजे ज्या वेळी सगळं शांत असतं, त्याच वेळी तो पडणार असतो.

काकांनी शांततेत हात घातला. आयुष्यभर घातला तसा.

मी तुला इतकंच विचारतो. हुकूम कधी दिला? कोणी दिला? तेव्हा काका कुठे उभे होते? उत्तर पोस्टकार्डावर मावेल.

ताराचंद


१० जानेवारी १९८०

रविंद्र,

पोस्टकार्ड आलं नाही. निवडणूक आटोपली, भोंगे उतरले, भिंती पुसायला मात्र कोणी आलेलं नाही. मी पंधरा दिवस रोज बोलत होतो आणि माझा घसा बसला आहे, त्यामुळे घरात शांतता आहे असं माय म्हणते.

ती तुझ्याकडे जाऊन आली. जवसाची चटणी पोचली असेल. संत्री तिने बसमध्ये शेजारच्या बाईच्या लेकराला दिली हे ती तुला बोलली नसेल. परत आली तेव्हा मी दारातच होतो.

“कसा आहे?”

“लठ्ठ झाला. प्रेमिला बी बरी हाय. नळ घरातच हाय त्याइच्या.”

“काय म्हणाला?”

“तुह्याबद्दल काई इचारलं नाई.”

“मी माझ्याबद्दल विचारत नाही, माय.”

“मंग दारात काहून उभा हायेस?”

मग तिने पाय धुतले, पाणी घेतलं, शेगडी पेटवली, आणि मी विचारायचं सोडून दिल्यावर आपणहोऊन सांगू लागली. तू तिला जे सांगितलंस ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे मी त्याला मीठमसाला लावला असं तुला म्हणता येणार नाही.

“म्हणे, माय, त्या दिवशी सकायीच मी इचारलं होतं ओमप्रकाशले, झेंडेवाला कुठं हाय म्हून. तं तो म्हणे, सिमेंटची गाडी आली, बळीराम उतरवून राहिला, तू चालव. मी म्हणलं, मले शिडी दिसत नाई. तं म्हणे, आजवर कोणी मेलं का?”

सांगून झाल्यावर तिने माझा हात धरला. “तुले सांगितलं ते भाऊ म्हून सांगितलं. लीडर म्हून नाई. कोनाले सांगशीन नको.”

मी कबूल झालो. वकिलाला सांगितलेलं नाही. युनियनमध्ये कोणाला माहीत नाही. तुला लिहितो आहे, कारण तुझंच बोलणं तुला सांगितलं तर शब्द मोडत नाही.

आता तूच जुळवून बघ. झेंडा दिसल्याशिवाय चढू नये, असा हुकूम होता म्हणतात. ज्या माणसाच्या हातात झेंडा असायचा तो त्या दिवशी सिमेंटची पोती उचलत होता, आणि त्याला तिकडे पाठवणाऱ्या सुपरवायझरला ते माहीत होतं, कारण तू त्याला विचारलंस. सकाळभर काका झेंड्याशिवायच चढले-उतरले. कोणी हटकलं नाही. मग मोडायला हुकूम होता कुठे?

तू म्हणशील, माझ्याशिवाय दुसरे नव्हते का? बळीरामला कंपनीने कुठल्या तरी लांबच्या कामावर पाठवलं. कुठे, ते सांगत नाहीत. टोळीतल्या बाकीच्यांकडे मी घरोघर गेलो. सगळ्यांना एकदमच कमी ऐकू यायला लागलं आहे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची हजेरी रोज सकाळी ओमप्रकाशच घेतो. आणि खरं सांगायचं तर त्यांनी पाहिलं ते एवढंच, की बळीराम तिथे नव्हता. तू काय विचारलंस आणि ओमप्रकाश काय म्हणाला, हे तुम्हा दोघांनाच माहीत आहे. ओमप्रकाश ते सांगायला येणार नाही.

काकांचं घर सध्या जयवंताकाकू चालवतात. मार्केट यार्डात मिरची निवडायला जातात आणि संध्याकाळी शिंकत परत येतात. दोराच्या टोळीत परत घ्यावं तर दोरच राहिलेला नाही, आणि मशीनवर दोन बोटांच्या माणसाला कोणी उभं करत नाही.

हे भाषण नाही. भाषणात मी याहून जास्त बोलतो.

ताराचंद


२१ जानेवारी

रविंद्र,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास, पण चारही सरळ आहेत. मी त्या इथे उतरवतो, कारण उत्तर देताना माणूस दुसऱ्याचं म्हणणं सोयीप्रमाणे वाकवतो आणि ती कला मला चांगली येते.

“दादा, तुले साक्षीदार नाई पाहिजे, भाषणाले मुद्दा पाहिजे. इंदोऱ्याच्या चौकात माईक धरून तू म्हणाला की काही लोक मालकाच्या खुर्चीवर बसले की त्याइले खालचं दिसत नाई. मी गर्दीत उभा होतो. मी खरं बोललो तं टाळ्या तुह्या नावानं वाजतीन अन् नोकरी माही जाईन.”

तू गर्दीत होतास हे मला माहीत होतं. पानठेल्याजवळ, पांढरा शर्ट. अपघात होऊन आठवडाही झाला नव्हता. त्याच रात्री तू सामान बांधलंस असं प्रेमिला मायला म्हणाली.

त्या वाक्याचा अर्थ तू केलास तोच होता. पण त्यातला अर्धा भाग अक्षरशः खरा निघाला, आणि तो तुझ्या बाजूने आहे. त्या सीटवरून खालचं दिसत नाही. विंच मागे, मधे लोखंडी सांगाडा, शिडी पलीकडच्या अंगाला. ही गोष्ट मी वकिलाला वेगळी म्हणून विचारली. तू मायला सांगितलेलं त्यात आणलं नाही. ते म्हणाले, दावा ऐकणाऱ्या कमिशनरसाहेबांना मशीनचा नकाशा दाखवला तरी पुरे. चालवणाऱ्याला दिसत नाही म्हणूनच झेंडेवाला ठेवतात. तो ज्याने हलवला त्याच्याकडे बोट जाईल, तुझ्याकडे नाही. पोलिसांत जाण्यासारखं यात काही नाही असं त्यांचं मत आहे. मत आहे, खात्री नाही.

नोकरीचं मात्र तुझं बरोबर आहे. ती राहील असं मी म्हणणार नाही. बहुधा जाईल. लगेच जाणार नाही. चार महिन्यांनी काम संपलं म्हणतील आणि पुढच्या कामावर तुझं नाव नसेल. प्रेमिलाला दिवस गेले आहेत हेही मला कळलं आहे. हे सगळं मांडून मग मी तुला यायला सांगतो आहे. नुसतं ‘सत्य सांग’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं स्वतःचं काही जात नाही.

तू आणखी एक समजून बसला आहेस, की मी मशीनच्या विरुद्ध आहे. दोर ओढून बाबांची छाती गेली. शेवटी जिना चढता येईना म्हणून त्यांची खाट खाली आणली, ती तूच धरली होतीस एका बाजूने. ज्या दिवशी कळमन्याला डिझेल हातोडा उतरला त्या दिवशी मी टोळीला म्हणालो होतो, आता बैलासारखं ओढणं संपलं, चांगलं झालं. आजही म्हणतो. माझं भांडण एवढंच आहे. मशीन आणायला पैसा लागतो तो त्यांनी आणला, जागा लागते ती केली, पाया लागतो तो घातला. आणि दोरावर म्हातारी झालेली माणसं त्याच्याखाली उभी केली, ती मात्र दोराच्याच सवयीसकट उभी केली. ‘शांत झालं तर हात घालू नका’ हे एक वाक्य बोलायला कोणाला वेळ मिळाला नाही. जे शिकवलं नाही ते विसरला म्हणून माणसाला शिक्षा करायची, ही या देशातली फार जुनी रीत आहे. आपल्या बापजाद्यांना ती चांगली ओळखता यायची. पाटी दिली नाही आणि मग अडाणी म्हणाले! तोच धडा आता सिमेंटच्या खांबावर गिरवतात, आणि गिरवताना तुझा हात धरतात.

पुन्हा भाषण झालं. खोडत नाही, तसंच पाठवतो.

टाळ्यांचं उत्तर पुढे देईन. आज माझ्याकडे ते नाही.

ताराचंद


३ फेब्रुवारी, रविवार

रविंद्र,

काल संध्याकाळी काकांकडे गेलो होतो. तारखेला काय विचारतील, कसं उत्तर द्यायचं, हे एकदा बोलून घ्यावं असं वकील म्हणाले होते.

काका अंगणात बसून डाव्या हाताने बिडी पेटवत होते. काडी विझायची, पुन्हा ओढायची. मी मदतीला हात पुढे केला तर ओरडले.

“राहू दे गा. या डाव्याले जलमभर बसून खाऊ घातलं. आता करू दे त्याले थोडं काम.”

जयवंताकाकू आतून म्हणाल्या, “उजवा होता तवा बी बिडीच पेटवत होता. दुसरं काय काम केलं घरात?”

“आयकलं? कोर्टात हिलेच घेऊन जा साक्षीले. कंपनी पळून जाईन.”

हसणं झालं. मग मी विषय काढला. मी विचारलं, काका, तुम्हाला विचारतील, झेंड्याचा हुकूम तुम्हाला कोणी सांगितला होता का? तुम्ही काय म्हणाल?

बिडी पेटली होती. एक झुरका घेऊन ते म्हणाले, “सांगितला होता म्हणन.”

मला वाटलं, प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.

“समजलं गा मले. मी कोनता बहिरा हाय? म्हणजे हाय, पन इतका नाई. मी म्हणन, साहेब, मले सांगितलं होतं, मीच चढलो. माही चूक.”

“काका, तुम्हाला सांगितलं होतं का?”

“नाई.”

“मग?”

“मंग काय? सांगितलं नाई म्हणलं तं पुढं इचारतीन, मंग हातोडा कोनं सोडला? तं रविंद्रनं. झेंडेवाला नोता तं त्यानं काहून सोडला? आता मले सांग, त्याले काय म्हणाचं?”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “बोटं गेली, अन् जातानी अक्कल बी घेऊन गेली याइची. चार दिवसापासून हेच लावलं हाय.”

मी बोललो. पुष्कळ बोललो. तुमचं घर कशावर चालेल हे सांगितलं. तुम्ही ‘हो’ म्हणालात की तो हुकूम खरा होईल, आणि उद्या ज्या कामावर कोणाचा हात जाईल तिथे कंपनी तुमचंच बोलणं दाखवेल, हेही सांगितलं. ते ऐकत होते. मी दमलो तेव्हा म्हणाले,

“तू बोलते तं चांगलंच वाटते, ताराचंद. मले सारं पटून राहिलं. पन एक सांग. आपल्या वस्तीतला मशीनीवर बसलेला पह्यला माणूस कोन?”

बिडीची राख झाडून ते पुढे म्हणाले,

“माह्या बापानं माती वाह्यली. मी शिडीवर चढलो. तुह्या बापानं अन् तू दोरावर आवाज देल्ला. वर बसून दांडा वढणारा आपल्यातला पह्यला कोन? तो पोट्टा. अन् आता कागदावर आलं की याले बसवलं अन् यानं माणसाचा हात घेतला, तं दुसऱ्याले बसवतीन? म्हणतीन, पाहा, याइले मशीन देली तं काय झालं. मी बोटं घेऊन बसलो हाय, ती काई परत लागत नाई. त्याची शीट जाऊ देऊ का मी?”

“काका, पण दोष त्याचा नाही. हे सिद्ध करता येईल.”

“कोन करन? तू? तू तिथं नोता. मी वर होतो, मले काई दिसलं नाई. जो करू शकते तो कोराडीले जवसाची चटणी खाऊन राहिला.”

मायने त्यांनाही सांगितलं असणार. फक्त चटणीचं. बाकी काही नाही. तेवढं मी काळजीपूर्वक चाचपून पाहिलं.

काका तुझ्यावर रागावलेले नाहीत. तुझ्याकडून त्यांना काही नकोही आहे. ते तुला शोधत नाहीत, नावं ठेवत नाहीत. त्यांनी तुझा हिशेब स्वतःच्या मनात बसून केला आणि तू येणार नाहीस हे गृहीत धरून केला. तू आलास तर काय, हा रकाना त्यांच्या हिशेबात नाही.

मी घरी चालत आलो. आपल्या माणसाने वर चढावं म्हणून मी इतकी वर्षं घसा फोडतो आहे, आणि काल त्याच गोष्टीसाठी एक माणूस स्वतःविरुद्ध खोटी साक्ष द्यायला निघालेला मला भेटला. वाचलेलं काही उपयोगी पडलं नाही.

एवढं मात्र मला दिसतं. ज्या सीटसाठी ते खोटं बोलणार आहेत, ती त्या खोट्यावर टिकेल असं त्यांना वाटतं. टिकेलही. पण तिच्यावर बसलेला माणूस पुन्हा ओमप्रकाशला ‘झेंडेवाला कुठे आहे’ असं विचारू शकणार नाही. एकदा विचारलं, तेव्हा काय झालं हे दोघांनाही माहीत असेल. पुढच्या वेळी तो ‘चालव’ म्हणेल आणि तू चालवशील. आणि शिडीवर पुन्हा कोणीतरी असेलच, दोरावरून आलेला, आवाज थांबला की चढणारा.

ताराचंद


९ फेब्रुवारी, शनिवार रात्र

रविंद्र,

हे पत्र टपालाने वेळेवर पोचणार नाही, म्हणून माय उद्या घेऊन येईल. तिला यातलं काही वाचून दाखवलेलं नाही. पाकीट चिकटवलं तेव्हा म्हणाली, “इतकं काय लिवतं गा त्याले? तो लहान होता तवा तू दोन शब्दाच्या वर बोलला नाई त्याच्यासंगं.” तिच्याशी मी वाद घालत नाही.

टाळ्यांबद्दल तू लिहिलं होतंस. उत्तर आज देतो.

सोमवारी मी कोर्टात नसेन. वकिलांना सांगितलं आहे, युनियनलाही. आवारातही नसेन. गेटवर झेंडे नसतील, घोषणा नसतील, चहाच्या टपरीवर आपलं कोणी उभं नसेल. तू येताना आणि जाताना तुला ओळखीचा एकही चेहरा दिसणार नाही, काका-काकू सोडून. निकाल काहीही लागो, हा खटला मी कुठल्याही सभेत काढणार नाही. तुझं नाव नाही, काकांचं नाही, बोटांचं नाही. हे लिहून देतो आहे. कागद तुझ्याकडे राहू दे. मी बोललो तर भर चौकात तो वाचून दाखव.

युनियनमध्ये याच्यावरून माझं बिनसलं. ते म्हणतात, इतकी चांगली केस आणि तू तोंड बांधून बसणार? मी हो म्हणालो.

तू आलास म्हणून आपल्यातलं काही मिटलं असं मी धरणार नाही. घरी ये असं म्हणत नाही. नंतर सरळ बस धर आणि कोराडीला जा. माझ्याशी तू वर्षभर बोलला नाहीस तरी चालेल, दहा वर्षं बोलला नाहीस तरी या कामाला त्याने काही बाध येत नाही.

नोकरी गेली तर मी दुसरी मिळवून देईन असं वचन देत नाही. माझ्या ओळखीने मिळणारी नोकरी तुला कोणी देणार नाही, हे तुलाही माहीत आहे. डिझेल हातोडा चालवता येणारी माणसं या भागात फार नाहीत, एवढंच तुझ्या बाजूने आहे. ते माझ्यामुळे नाही, तू शिकलास म्हणून आहे.

आता काम कसं चालेल ते ऐक. मी वकिलांना नीट विचारून घेतलं आहे. पहिली साक्ष काकांचीच होईल, कारण दावा त्यांचा आहे. त्यांना विचारतील आणि ते ‘सांगितलं होतं’ म्हणतील. ते एकदा लिहून झालं की त्यानंतर तू आलास, काहीही बोललास, तरी कंपनीचा वकील उठून म्हणेल, ज्याचा हात गेला तो स्वतः कबूल करतो, हा कोण सांगणार? तुझी साक्ष दुपारी झाली तरी चालेल, पुढच्या तारखेला झाली तरी चालेल. वकिलांना फक्त नाव द्यायचं आहे. पण काका आत जायच्या आधी त्यांना हे कळायला हवं की दुसरं कोणी बोलणार आहे. ते माझ्याकडून कळून उपयोग नाही. मी म्हटलं तर त्यांना वाटेल, हा बोलण्यात पटाईतच आहे. काल पुन्हा जाऊन म्हणून पाहिलं. त्यांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तुला माझं काही ऐकायचं नसेल तर आधीची सगळी पत्रं चुलीत घाल. हुकूम, कायदा, बापजादे, सगळं. एवढीच गोष्ट कर.

कोर्ट सिव्हिल लाइन्समध्ये आहे. काका आणि काकू दहापासून व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले असतील. पुकारा अकरानंतर होईल. काका उठून दाराकडे जायच्या आत तू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहा. पाया पडू नकोस, माफी मागू नकोस, माझा निरोप सांगू नकोस. त्यांच्या चांगल्या कानाशी, डाव्या, जरा मोठ्याने सांग, “काकाजी, झेंडेवाला नोता. मी इचारलं होतं. ते मी सांगतो, तुम्ही खोटं बोलू नका.”

सोमवारी पहिल्या बसने नीघ, रविंद्र. पुकाऱ्याच्या आत त्या बाकाजवळ पोच.

ताराचंद